डिंक न धरणारी अक्षरं

शाळेत त्यांना सगळे भिंतबाई म्हणत. आधी पाठीमागे म्हणत, मग एकदा दुसरीतल्या एका पोराने हजेरीच्या वेळी "हजर, भिंतबाई!" असं ठोकून दिलं आणि वर्ग चिडीचूप झाला. बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "हजर आहेस ते दिसतंय. आधी नाक पूस." त्या दिवसापासून नाव कायम झालं. बाईंना ते मनातून आवडलं होतं, हे सांगायला ज्योतिषी नको.

चौतीस वर्षं त्यांनी दुसरी शिकवली आणि तीही एकाच खोलीत. दोन खिडक्या, एक कुरकुरणारं कपाट, आणि खिडक्यांसमोर एक लांबलचक, अखंड भिंत. या भिंतीवर बाईंचा जीव. इतर वर्गांत तक्ते असत ते पार छताला टेकलेले, दुकानातून आणलेले, गुळगुळीत. एकदा खिळ्याला टांगले की खिळा गंजेपर्यंत हलायचे नाहीत. "एवढ्या उंचावरचं वाचणार कोण?" बाई विचारत. "पाली? त्यांची इयत्ता कोणती?" पहिलीच्या बाईंना हे झोंबायचं, कारण त्यांच्या वर्गात फळांच्या तक्त्यामागे एका पालीने खरोखरच बिऱ्हाड थाटलं होतं.

शाळेत नवी शिक्षिका आली की भिंतबाई तिला आधी गुडघ्यांवर बसवत. चांगली इस्त्री केलेल्या कपड्यांत, थेट फरशीवर. "बसा. आता बघा भिंतीकडे. एवढीच असतात पोरं उंचीला. इथून दिसतं ते लावायचं, बाकी भिंत रंगाऱ्याला सोडून द्यायची." मग एकेक गोष्ट सांगत. एका तक्त्यावर एकच गोष्ट. अक्षर एवढं, की मागच्या बाकावरच्याला मान लांब करावी लागू नये. मधे मोकळी जागा सोडायची, डोळ्यांनाही बसायला पाट लागतो. प्रश्न वरती आणि उत्तर कागदाच्या झाकणाखाली, म्हणजे पोर उठून येतं, झाकण उचलतं, बघतं. "महिन्याने झाकणाची कड बोटांनी मळलेली नसेल तर समजायचं, तक्ता फुकट गेला." आणि तीन आठवड्यांच्या वर काही ठेवायचं नाही. त्यानंतर पोरं तिकडे बघतात, पण त्यांना ते दिसत नाही.

सगळ्यात शेवटी त्यांचा मोठा नियम यायचा. प्रशिक्षण वर्गांतही त्या तो सांगत, शंभर-शंभर शिक्षकांसमोर, आणि लोक वहीत उतरवून घेत. "भिंतीवर प्रत्येक पोराला स्वतःचं काहीतरी सापडलं पाहिजे. एक जरी राहिलं, तरी ती भिंत नापास." हे बोलताना त्यांचा आवाज जरा खाली जायचा. ऐकणाऱ्यांना वाटे, काय पोटतिडकीने बोलतात बाई! पोटतिडीक होतीच, पण कशाची ते त्यांनाच ठाऊक. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडा पाषाण, हे त्यांना दुसऱ्या कुणी ऐकवण्याची गरज नव्हती. त्या स्वतःच स्वतःला ऐकवत.

कारण एक वर्ष असं होऊन गेलं होतं की पटावर अडतीस मुलं होती आणि भिंतीवर सदतीस. राहिलेलं अडतिसावं पोर बाईंच्या पोटचं होतं.

आता निवृत्तीला एक आठवडा उरला होता. मुख्याध्यापकबाई म्हणाल्या होत्या, "शेवटची भिंत तुमची. काय हवं ते लावा." बाईंना बाकी काही नको होतं. भाषणं झाली काय आणि न झाली काय. त्यांना त्या अडतिसाव्या पोराचं चित्र लावायचं होतं, खाली नावाची चिठ्ठी लावायची होती आणि तिला बोलावून ते दाखवायचं होतं. सत्तावीस वर्षं उशीर झाला होता, पण बाईंच्या मनाने घेतलं होतं की भिंत अजून तपासायची राहिली आहे.

लेकीचं घरातलं नाव काडी. अंगाने काडी म्हणून वडिलांनी ठेवलेलं. पण हातात कात्री दिली की ही काडी मोठ्यांना हार जायची नाही. संध्याकाळची जेवणं आटोपली की टेबलावरची ताटं उचलली जात आणि तिथे कागद पसरले जात. बाईंची पद्धत ठरलेली होती. रंगीत कागद पातळ असतो, त्याची अक्षरं लगेच मुडपतात. म्हणून एका बाजूने वापरलेले जाड कागद त्या जपून ठेवत, त्यांचा एक गठ्ठाच कपाटाखाली असे. जाड कागदावर मैद्याची खळ लावायची, वर रंगीत कागद चिकटवायचा, पुस्तकांखाली दाबून रात्रभर वाळवायचा. दुसऱ्या दिवशी बाई पेन्सिलने अक्षरं आखत आणि काडी कापत असे. अक्षराच्या पोटातली भोकं कापणं म्हणजे खरी कसोटी. कात्री आत घालायला कागदाला चीर द्यावी लागते आणि ती चीर मग जन्मभर दिसते. काडीने ती कधी दिसू दिली नाही. पाच वर्षांच्या पोरीची जीभ दातांत धरलेली, पाय खुर्चीवरून लोंबकळताहेत, आणि कात्री कशी पाण्यातून गेल्यासारखी. बाईंच्या भिंतीचं सगळीकडे कौतुक होई, त्यातली निम्मी अक्षरं या टेबलावर कापलेली असत.

काडी सात वर्षांची झाली आणि दुसरीत आली. दुसरीचा वर्ग एकच. दुसरी शाळा लांब. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी बाईंनी तिला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, शाळेत मी बाई. आई घरी आल्यावर."

काडीने मान डोलावली. पोरगी शब्दाची एवढी पक्की, की एकदा मैदानात पडली, गुडघ्यातून रक्त आलं, तर रडत रडत येऊन म्हणाली, "बाई, मला लागलंय." बाईंनी पट्टी बांधली आणि त्यांना चक्क अभिमान वाटला. त्या अभिमानाची आज त्यांना लाज वाटते.

खरं तर पहिलीच्या बाई नुसत्या गमतीत बोलल्या होत्या. शाळा सुरू होण्याच्या दिवशी, चहाचा कप हातात घेऊन: "आता काय बुवा, भिंतभर लेकीचीच चित्रं!" चहा संपायच्या आत त्या स्वतः ते विसरल्याही असतील. पण भिंतबाईंच्या मनात ते वाक्य घर करून बसलं. पहिल्या पंधरवड्याची चित्रं लावताना त्यांनी काडीचा कागद बाजूला ठेवला. पुढच्या वेळी लावू, उगाच सुरुवातीलाच कशाला. पुढच्या वेळी पुन्हा तेच. कधी जागा पुरली नाही, कधी तपासणीला साहेब येणार होते.

"आई, माझं कधी लागणार?" काडीने एकदा घरी विचारलं. घरी विचारलं, शाळेत नाही.

"पुढच्या वेळी, बाळा. आपण घरचे ना? पाहुण्यांचं पान आधी वाढायचं असतं."

काडीचे बाबा पेपरमागून म्हणाले, "आणि घरच्यांनी पातेलं चाटायचं."

"तुम्हाला काय होतंय बोलायला! लोक काय म्हणतील?"

"लोकांना बोलायला तू जागा कुठे ठेवतेस? ते म्हणायच्या आत तूच म्हणून मोकळी होतेस."

बाई रागावल्या. नवऱ्याचं खरं होतं, म्हणून जास्त रागावल्या.

वर्ष असंच निम्मं सरलं आणि बाईंनी वर्गाला विषय दिला, 'मला आवडणारी जागा.' पोरांनी धमाल केली. कुणी झोपाळा काढला, कुणी पलंगाखालची जागा, कुणी आजोबांच्या सायकलची मागची सीट. एका पठ्ठ्याने शाळेचं स्वच्छतागृह काढलं आणि विचारल्यावर म्हणाला, तिथे कोणी प्रश्न विचारत नाही. बाईंनी तेही लावलं. सदतीस कागद लागले. बाईंची एक ख्याती होती: नाव झाकून कुठलाही कागद समोर धरा, त्या क्षणात सांगत, हे अमक्याचं. रेघ बघून सांगत, रंग दाबण्याची तऱ्हा बघून सांगत. पोरांचा तो आवडता खेळ होता. शनिवारी शेवटच्या तासाला पोरं कागद उंच धरत, बाई ओळखत आणि वर्ग टाळ्या वाजवी. काडीसुद्धा टाळ्या वाजवी.

आवडत्या जागांची चित्रं लावली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वर्गात शिरल्या तर भिंतीच्या टोकाला, केराच्या डब्याच्या वर, एक मोठा, जाड कागद जास्तीचा होता. चार कोपऱ्यांना चार टाचण्या, बरोबर पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर, रेषेत. मेणाच्या खडूंनी काठोकाठ रंगवलेलं चित्र. एक टेबल, वर दिवा. एका बाजूला चष्मा लावलेली बाई. दुसऱ्या बाजूला खुर्चीत एक काटकुळी पोरगी, हातात कात्री. टेबलभर रंगीत कागदाचे कपटे. खाली नावाची चिठ्ठी नव्हती. तेवढं धाडस झालं नव्हतं.

बाईंनी ते दारातूनच ओळखलं. ओळखायला काय, ते त्यांचंच टेबल होतं. त्यांना क्षणभर आनंदही झाला, खरंच झाला. आणि तेवढ्यात पाठीमागून पहिलीच्या बाई खडू मागायला आल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"हे कोणी लावलं?" भिंतबाईंनी विचारलं. आवाज त्यांना स्वतःलाच परका वाटला.

पुढच्या बाकांवरच्यांनी मागे वळून पाहिलं.

"कोणाचं आहे हे?"

पोरं एकमेकांकडे बघू लागली. काडी तिसऱ्या बाकावर बसली होती. बाईंनी सगळ्यांवरून नजर फिरवली, तशी तिच्यावरूनही फिरवली.

"माहीत नाही, बाई," काडी म्हणाली. दुसरं कोणीच बोललं नव्हतं. ती एकटीच बोलली.

बाईंनी चार टाचण्या काढल्या, कागदाची गुंडाळी केली आणि पिशवीत टाकली. "ज्याचं असेल त्याने माझ्याकडून घेऊन जावं," असं म्हणाल्या. पहिलीच्या बाई खडू घेऊन निघून गेल्या. त्यांचं चित्राकडे लक्षही नव्हतं.

कोणी न्यायला आलं नाही. घरी आल्यावर बाईंनी पिशवी रिकामी केली आणि ती गुंडाळी कपाटाखालच्या गठ्ठ्यावर ठेवली, नंतर नीट ठेवू म्हणून. मग वह्या तपासायला बसल्या. तपासता तपासता, मान वर न करता, म्हणाल्या, "भिंतीच्या मथळ्याचा कागद चिकटवून ठेव गं. लाल घे. आणि खाली जाड कागद घे गठ्ठ्यातला." मथळा त्यांनी ठरवला होता: 'हे आम्ही केलं.' काडीने खळ कालवली, कागद चिकटवला, पुस्तकांखाली दाबला. दुसऱ्या संध्याकाळी बाईंनी अक्षरं आखली, काडीने कापली. पाच मोठी, वीतभर उंचीची, एकाही ठिकाणी चीर न दिसणारी. तशी सुंदर अक्षरं पुन्हा कधी झाली नाहीत.

त्यानंतर बाईंनी ते चित्र शोधलं. गठ्ठ्यात नव्हतं. फाडलं असेल रागाने, असं त्या धरून चालल्या. विचारलं नाही. विचारलं असतं तर बोलावं लागलं असतं.

काडी पुढे चार-पाच वर्षं अक्षरं कापत राहिली. चित्र मात्र तिने स्वतःहून पुन्हा काढलं नाही. बाईंच्या हे लक्षात यायलाही दोन वर्षं लागली, आणि लक्षात आलं तेव्हा त्यांनी म्हटलं, असतो एकेकाचा कल. आता ती चौतीस वर्षांची आहे, दोन तासांच्या अंतरावर राहते, दवाखान्याच्या प्रयोगशाळेत रक्त तपासते. दिवसाला शंभर बाटल्या, प्रत्येकीवर नावाची चिठ्ठी, आणि आजवर एकही अदलाबदल नाही. आईशी भांडण नाही. फोन असतो, प्रकृतीची चौकशी असते, सणवार-वाढदिवस चुकत नाहीत. पण बाईंना कळत असे, लेक आपल्याशी बोलताना शब्द निवडून घेते. शाळेत 'बाई' म्हणायला शिकवलं होतं ना, ते काही पुरतं पुसलं गेलं नव्हतं.

सोमवारी बाईंनी फोन केला.

"काडी, तुझं दुसरीतलं एखादं चित्र आहे का गं तुझ्याकडे?"

"माझ्याकडे कुठून असणार? चित्रं तू ठेवायचीस."

"हो, तेही खरंच." बाईंनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "शनिवारी येशील ना? निरोपाचं आहे. भिंत बघशील."

"बघते. सुट्टी मिळाली तर येते."

"ये गं."

"कशाला हवंय पण चित्र?"

"असंच," बाई म्हणाल्या. एवढी मोठी बाई, शंभर जणांसमोर बोलणारी, आणि लेकीशी बोलायची वेळ आली की 'असंच'.

मंगळवार, बुधवार त्यांनी घर पालथं घातलं. कपाटाखालचा गठ्ठा, माळ्यावरची खोकी, जुन्या नोंदवह्या. इतरांची चित्रं ढिगाने निघाली. स्वच्छतागृहवाल्याचंसुद्धा निघालं. काडीचा एक कागद नाही. काडीचे बाबा आता चष्म्याशिवाय पेपर धरून बसतात, ते म्हणाले, "जे ठेवलंच नाही ते सापडणार कुठून?" बाईंनी पुढचं खोकं उघडलं.

गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई वर्गात एकट्या थांबल्या. चित्र नाही तर नाही, मथळा तरी नवा करू, म्हणून त्यांनी बिस्किटांचा पत्र्याचा डबा उघडला. ती पाच लाल अक्षरं सत्तावीस वर्षं या डब्यात होती. दर वर्षी शाळा सुरू झाली की बाहेर निघत आणि दर वर्षी त्यांचं एकच रडगाणं: कडा सुटायच्या. बाकीच्या अक्षरांची खळ दगडासारखी घट्ट, पण या पाचांचा लाल कागद मधे फुगून यायचा. बाई कडेकडेने डिंक लावून दाबत आणि काडी घरात असली की तिला ऐकवत, "खळ नीट लावायला काय धाड भरली होती तुला?" काडी म्हणायची, "लावली होती." एवढंच म्हणायची आणि उठून जायची.

लाल कागद आता विटून कांद्याच्या सालीसारखा झाला होता. बाईंनी ठरवलं, जुना काढून नवा चढवावा. ओल्या फडक्याने त्यांनी 'आ' पुसला, कोपरा नखाने उचलला आणि लाल कागद अख्खाच्या अख्खा हातात आला.

खाली चष्मा होता.

जाड मेणाच्या खडूने काढलेला, काळा, गोल. चष्म्यामागे दोन डोळे, खाली हसरं तोंड. बाई बघतच राहिल्या. मग त्यांनी घाईघाईने 'हे' भिजवला, 'म्ही' भिजवला. मेणावर खळ धरत नाही, डिंकही धरत नाही, हे त्या इतकी वर्षं पोरांना शिकवत आल्या होत्या आणि त्यांच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. त्या सगळ्या फुगवट्यांखाली रंग होता. पोरीने चित्राची बाजू वर ठेवून त्यावर लाल कागद चिकटवला होता. पाठीमागून बघणाऱ्याला कोरा कागद दिसावा म्हणून. आणि बाईंनी समोर बसून, स्वतःच्या पेन्सिलने, त्यावर अक्षरं आखली होती.

त्या फरशीवर गुडघ्यांवर बसल्या आणि पाच अक्षरं एकापुढे एक मांडली. 'हे' मधे दिवा आणि खिडकीचा तुकडा. 'आ' मधे चष्म्यासकट त्या स्वतः, जवळजवळ पूर्ण. 'म्ही' मधे टेबल आणि रंगीत कपटे. 'के' मधे कात्री आणि ती धरलेली दोन बोटं. 'लं' मधे खुर्चीचा पाय आणि जमिनीला न टेकलेलं एक काटकुळं पाऊल. पोरीचा चेहरा कुठेच नव्हता. तो 'के' आणि 'लं' यांच्या मधल्या जागेत गेला होता, आणि मधल्या जागेतले कपटे त्या संध्याकाळी नेहमीसारखे केरात गेले होते.

बाई रडल्या. हुंदके देऊन रडल्या. सत्तावीस वर्षं तिचं चित्र याच भिंतीवर होतं, तोंड झाकून, आणि दर वर्षी आपण ते डिंक लावून पुन्हा पुन्हा दाबत होतो, हे त्यांना सोसवेना. शिपाई दार लावायला आला आणि तसाच परत गेला.

शुक्रवारी त्यांनी भिंत लावली. नवा कागद चढवला नाही. पाच अक्षरं तशीच लावली, खडूच्या रंगांत, दुसरीतल्या पोरांच्या डोळ्यांच्या उंचीवर. त्याखाली यंदाच्या वर्गाची चित्रं, झाडून सगळ्यांची. आणि एक नावाची चिठ्ठी लिहून खिशात ठेवली: काडीचं शाळेतलं पूर्ण नाव, इयत्ता दुसरी, पट क्रमांक अडतीस. ती तिच्यासमोर लावायची होती.

शनिवारी भाषणं झाली. मुख्याध्यापकबाई बोलल्या, पहिलीच्या बाई रडल्या. बाईंचं लक्ष सारखं दाराकडे. सगळे चहाला शेजारच्या खोलीत गेले आणि बाई वर्गात परतल्या, तर काडी भिंतीसमोर उभी होती. खांद्याला पर्स, पायांवर अजून प्रवासाची धूळ.

बाई दारातच थबकल्या. काडी हळूहळू गुडघ्यांवर बसली. नियम तिला पाठ होता. तिने 'के' मधल्या कात्रीवर बोट ठेवलं.

"सापडलं तर," ती मागे न बघता म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"मीच चिकटवलं ना, आई."

"मग बोलली का नाहीस? दर वर्षी मी तुला बोलायची, खळ नीट लावली नाहीस म्हणून."

"काय बोलणार? खडूवर धरत नाही म्हटलं असतं, तर खडू कसला ते सांगावं लागलं असतं." काडी जराशी हसली. "तेव्हा वाटलं होतं, भिंतीवर तर जातंय. आतल्या बाजूने का होईना."

बाई तिच्या शेजारी जाऊन बसल्या. गुडघे दुखतात आता, तरी बसल्या. "माझं चुकलं, काडी. फार चुकलं. सदतीस लावली आणि तुझं तेवढं..."

"त्याचं नाही गं एवढं." काडी अजून अक्षरांकडेच बघत होती. "लोक बोलतील म्हणून नाही लावत, हे बाबांनी समजावलं होतं मला. ते पटलं होतं. मला वेगळंच लागलं होतं."

"काय?"

"तू सगळ्यांची ओळखायचीस. नाव झाकलं तरी. शनिवारी मी टाळ्या वाजवायची ना. त्या दिवशी तू माझ्या चित्रासमोर उभी राहून विचारलंस, कोणाचं आहे हे. मला वाटलं, आपली रेघ काही हिला ओळखू येत नाही. सगळ्यांची येते, आपली नाही." तिने खांदे उडवले. "मग कशाला काढायची, म्हणून सोडून दिलं. लहान होते. आता हसू येतं."

तिला हसू आलं नव्हतं.

बाईंच्या तोंडाशी उत्तर तयार होतं. घाई होती गं, नीट बघितलंच नव्हतं. एवढं म्हटलं असतं तर लेकीने मानलं असतं. सत्तावीस वर्षं ती तेच मानून चालली होती आणि त्यावर आईला माफही करून बसली होती.

"ओळखलं होतं," त्या म्हणाल्या. "दारातूनच. बघताक्षणी."

काडीने वळून त्यांच्याकडे पाहिलं. शेजारच्या खोलीत कपबशा वाजत होत्या, कोणीतरी मोठ्याने हसलं.

"मग हे जास्त वाईट, आई."

"हो," बाई म्हणाल्या.

त्यांनी खिशातून चिठ्ठी काढली. काय करायचं ते न सुचून नुसती पुढे धरली. काडीने ती घेतली, वाचली. स्वतःचं नाव, इयत्ता, पट क्रमांक. तिने ती भिंतीवर लावली नाही. नीट दुमडून पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवली.

"ही मी नेते," ती म्हणाली आणि उठून गुडघे झटकले. तिने आईला उठवण्यासाठी हात पुढे केला, मग तो मागे घेत म्हणाली, "तिकडे सगळे थांबलेत तुझ्यासाठी. ये तू. मी चहा घेते तोवर."

"आले," बाई म्हणाल्या.

पण लगेच उठल्या नाहीत. चौतीस वर्षं दुसऱ्यांना जिथे बसवलं तिथे त्या बसल्या होत्या आणि तिथून भिंत बघत होत्या. दिवा दिसत होता, टेबल दिसत होतं, चष्मा लावून हसणाऱ्या त्या स्वतः दिसत होत्या. कात्री धरलेली दोन बोटं आणि लोंबकळणारं पाऊल यांच्यामधे, जिथे पोरगी असायला हवी होती, तिथे नुसती भिंत होती.